संख्याशास्त्रातील पदव्युत्तर पदवी व तिच्या विशेष शाखा

बी. एससी.नंतर दोन वर्षांत पूर्ण होणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम. भारतातील बहुतेक विद्यापीठांत ही पदवी एम. एससी. म्हणून मिळते, तर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत तिला एम. स्टॅट. म्हणतात. पहिले वर्ष सर्वांना जवळजवळ समान असते. दुसऱ्या वर्षी विद्यार्थी जीवसंख्याशास्त्र, अ‍ॅक्च्युअरियल (विम्यातील जोखमीचे गणित), औद्योगिक संख्याशास्त्र, अर्थमिती (आर्थिक आकडेवारीचे विश्लेषण), प्रगत संभाव्यता किंवा विदाविज्ञान (डेटा सायन्स) यांपैकी एखादी वाट धरतो. विषयाच्या नावाबाबत मराठीत एकवाक्यता नाही. पुणे विद्यापीठाच्या पाटीवर ‘संख्याशास्त्र’ आहे, राज्य शासनाच्या संचालनालयाच्या नावात ‘सांख्यिकी’ आहे, आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी नुसते ‘स्टॅट’.

या विषयाचा विद्यापीठातील पहिला स्वतंत्र विभाग कार्ल पिअर्सन यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १९११ मध्ये उभा केला. सातारा जिल्ह्यातील बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे तिथेच शिकले आणि १९३६ मध्ये त्यांनी पीएच. डी. मिळवली. त्या काळी भारतात संख्याशास्त्र शिकायचे, तर गणिताच्या किंवा अर्थशास्त्राच्या एम. ए.मधला एखादा पेपर, नाहीतर प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील प्रशिक्षण, एवढेच मार्ग होते. कलकत्ता विद्यापीठाने १९४१ मध्ये स्वतंत्र पदव्युत्तर विभाग सुरू केला. पुढे नामवंत संख्याशास्त्रज्ञ झालेले सी. आर. राव त्याच्या पहिल्या तुकडीचे. १९४३ मध्ये ते एम. ए. झाले आणि लगेच त्याच वर्गाला शिकवू लागले.

पदव्युत्तर वर्गात काय घडू शकते, याचा सर्वांत चांगला दाखला याच वर्गातला आहे. १९४४ साली राव आकलनाचा सिद्धांत, म्हणजे नमुन्यावरून अज्ञात संख्येचा अंदाज कसा बांधावा हे, शिकवत होते. नमुना फार मोठा असताना आकलकाचे (अंदाज काढणाऱ्या सूत्राचे) प्रचरण, म्हणजे त्याच्या उत्तरांतला विखुरलेपणा, किती खाली जाऊ शकते, याविषयीचा इंग्लिश संख्याशास्त्रज्ञ फिशर यांचा निष्कर्ष त्यांनी फळ्यावर मांडला. तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, की नमुना लहान असेल तर असे काही सिद्ध करता येणार नाही का. रावांकडे उत्तर नव्हते. रात्रभर बसून त्यांनी ते शोधले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले. १९४५ मध्ये छापून आलेला हा निष्कर्ष आज क्रॅमर-राव असमानता म्हणून जगभर शिकवला जातो. प्रश्न विचारणारा विद्यार्थी रावांच्याच वयाचा होता : वि. म. दांडेकर. पुढे ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक झाले. निळकंठ रथ यांच्यासह त्यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावर केलेला अभ्यास मराठी वाचकाला ठाऊक असतो, वर्गात विचारलेली ही शंका मात्र क्वचितच.

मुंबई विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग १९४८ मध्ये सुरू झाला. पुणे विद्यापीठात १९५३ मध्ये विभाग उभारण्याचे काम वसंत शंकर हुजूरबाजार यांच्याकडे आले. मूळचे कोल्हापूरचे हुजूरबाजार केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्याकडे संशोधन करून परतले होते. कमाल संभाविता आकलकासंबंधीच्या (हाती आलेले आकडे सर्वांत संभाव्य ठरतील अशी किंमत निवडणाऱ्या सूत्रासंबंधीच्या) त्यांच्या १९४८ च्या निष्कर्षामुळे भारतीय अभ्यासक्रमांत ‘क्रॅमर-हुजूरबाजार प्रमेय’ हे नाव रूढ झाले. परीक्षेत त्याची सिद्धता हमखास विचारली जाते. ती पाठ करणाऱ्यांपैकी किती जणांना हे कोल्हापूरचे नाव आहे हे माहीत असते, देव जाणे. १९५९ च्या कायद्याने भारतीय सांख्यिकी संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा आणि पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. १९६० पासून बी. स्टॅट. व एम. स्टॅट. हे अभ्यासक्रम तिथे सुरू झाले.

पहिल्या वर्षाचा गाभा गेल्या पन्नास वर्षांत फारसा हललेला नाही. वास्तव विश्लेषण, रेषीय बीजगणित, मापन सिद्धांतावर उभी असलेली संभाव्यता, वितरणे, अनुमान, रेषीय प्रतिमाने, नमुना पाहणी आणि प्रयोगांची आखणी हे विषय कुठेही गेले तरी भेटतात. बी. एससी.ला सरासरी, सहसंबंध आणि काय-वर्ग चाचणी यांत रमलेल्या विद्यार्थ्याला पहिला धक्का संभाव्यतेच्या तासाला बसतो. इतकी वर्षे फाशांवर आणि पत्त्यांवर चालणारी गोष्ट इथे एकदम सिग्मा-क्षेत्रांवर (ज्यांची संभाव्यता मोजता येते अशा घटनांच्या संग्रहांवर) येते. गणितातून आलेल्या मुलांना हा भाग सोपा जातो, पण तीच मुले प्रॅक्टिकलला अडतात, कारण तिथे आकडे स्वच्छ नसतात. पूर्वी या प्रॅक्टिकलसाठी हाताने फिरवायची फॅसिट गणकयंत्रे असत आणि वितरणांच्या तक्त्यांचे पुस्तक शेजारी उघडे ठेवावे लागे. आता आर किंवा पायथन या संगणकभाषांत दोन ओळी लिहिल्या की उत्तर येते. जर्नल लिहिण्याची पद्धत मात्र टिकून आहे, आणि तोंडी परीक्षेत ‘हे पी-मूल्य म्हणजे काय?’ या प्रश्नावर पडणारी शांतताही.

विशेष शाखा हा या पदवीचा सर्वांत आकर्षक आणि सर्वांत गैरसमजाचा भाग आहे. माहितीपत्रकात त्या वेगवेगळ्या विषयांसारख्या दिसतात. प्रत्यक्षात त्यांतल्या बऱ्याच एकाच गणिताच्या वेगवेगळ्या बोली आहेत. ‘एखादी घटना घडायला किती वेळ लागेल?’ हा एकच प्रश्न पाहा. विमा कंपनीसाठी ही घटना म्हणजे विमेदाराचा मृत्यू. अ‍ॅक्च्युअरियलचा विद्यार्थी जीवनसारणी (कोणत्या वयापर्यंत किती जण जगतात याचा तक्ता) मांडतो आणि त्या-त्या वयाच्या जोखमीला ‘फोर्स ऑफ मॉर्टॅलिटी’ म्हणतो. औद्योगिक शाखेत तेच सूत्र बेअरिंग किंवा पंप निकामी होण्याला लागते आणि त्याला ‘फेल्युअर रेट’ म्हणतात. जीवसंख्याशास्त्रात ती कर्करोग उलटण्याची वेळ होते आणि शब्द येतो ‘हॅझर्ड’. सूत्र एकच : आतापर्यंत जे टिकले, त्यांतले पुढच्या क्षणी किती जातील. शाखा बदलली की बदलते ती विदा (डेटा), म्हणजे ती कशी गोळा होते, कुठे अपुरी राहते आणि चूक झाली तर कोणाला भोवते.

अपुरी राहण्याचे उदाहरण घेऊ. एका उपचारावर पाच रुग्ण आहेत. एक तिसऱ्या महिन्यात दगावला. एक पाचव्या महिन्यात गाव सोडून गेला, त्याचे पुढे काय झाले कळले नाही. एक आठव्या महिन्यात दगावला. उरलेले दोघे बारा महिन्यांनंतरही हयात आहेत. वर्षभर जगण्याची शक्यता किती? गेलेल्याला हयात धरले तर पाचांत तीन, म्हणजे ०.६. मृत धरले तर पाचांत दोन, ०.४. त्याला यादीतून काढूनच टाकले तर चारांत दोन, ०.५. तिन्ही उत्तरांत काहीतरी मनाचे घातलेले आहे. कॅप्लन आणि मायर यांनी १९५८ मध्ये दिलेली पद्धत त्या रुग्णाकडून तो होता तेवढीच माहिती घेते. तिसऱ्या महिन्यात पाचांत चार टिकले, ०.८. आठव्या महिन्यात निरीक्षणाखाली तिघेच होते, त्यांत दोघे टिकले. गुणाकार ०.८ गुणिले दोन तृतीयांश, म्हणजे ०.५३. गाव सोडून गेलेल्याने पाच महिने साक्ष दिली, तेवढी मोजली. पुढची त्याच्या नावावर खपवली नाही. या एका तक्त्यावर जीवसंख्याशास्त्राचा निम्मा पेपर उभा राहतो. कॉक्स यांचे १९७२ चे प्रतिमान (वय, उपचार अशा घटकांनी जोखीम किती बदलते ते मोजणारे) त्यावरचा पुढचा मजला आहे.

जीवसंख्याशास्त्राला महाराष्ट्रात मागणी येते ती मुख्यतः औषध चाचण्यांतून. पुण्या-मुंबईतल्या अशा कामांत सॅस ही आज्ञावली अजून मूळ धरून आहे, त्यामुळे विद्यार्थी विद्यापीठात आर शिकतात आणि नोकरीसाठी सॅसचा क्लास लावतात. मुंबईत देवनार येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेत जीवसंख्याशास्त्र लोकसंख्याशास्त्राच्या जोडीने शिकता येते. तिथला विद्यार्थी दवाखान्यापेक्षा जनगणना आणि आरोग्य पाहण्यांकडे जास्त वळतो.

अ‍ॅक्च्युअरियल शाखेबाबत एक गोष्ट प्रवेशाआधीच समजून घ्यावी. या शाखेतून एम. एससी. झालेला माणूस अ‍ॅक्च्युअरी होत नाही. ती पात्रता इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडिया या संस्थेच्या परीक्षांतून मिळते. २००६ च्या कायद्याने ही संस्था सध्याच्या रूपात आली. तिच्या सीएस-१, सीएस-२ यांसारख्या पेपरांचा बराच भाग पदव्युत्तर अभ्यासाशी जुळतो, म्हणून दोन्ही एकदम उरकण्याचा मोह होतो. काहींना ते जमते. बऱ्याच जणांचे चौथे सत्र आणि परीक्षेची बैठक एकाच महिन्यात येतात आणि दोन्हीकडे ओढाताण होते.

शेतीकडे जाणारी शाखा आज मागे पडल्यासारखी दिसते, पण भारतीय संख्याशास्त्राचे हात तिथेच मातीने माखले. १९४० च्या दशकात पीककापणीच्या पाहण्यांवरून (शेतातला एक तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज घेण्याच्या पद्धतीवरून) महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यात मोठा मतभेद झाला. महालनोबिस यांचा कल लहान तुकडे अनेक ठिकाणी कापण्याकडे होता. त्यामुळे खर्च वाचतो आणि जागांतले वैविध्य हाती लागते. सुखात्मे यांनी प्रत्यक्ष शेतांतून दाखवले, की तुकडा लहान असला की उत्पन्नाचा अंदाज फुगतो. कारण साधे आहे. तुकडा आखणाऱ्या दोरीच्या कडेवर उभे असलेले पिकाचे ताट आत धरायचे की बाहेर, हे कापणारा ठरवतो, आणि त्याचा हात सहसा आत घेण्याकडे जातो. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने कड मोठी, म्हणून चूकही मोठी. नमुन्यामुळे येणारी चूक सूत्राने काढता येते, पण कडेवरच्या ताटाची चूक कोणत्याही सूत्रात नसते. नमुना पाहणीच्या पेपरात हा धडा दोन ओळींत उरकला जातो. खरे तर तो पूर्ण तासाचा ऐवज आहे.

विदाविज्ञान ही सर्वांत नवी वाट आणि सध्या तिच्यावर सर्वांत जास्त गर्दी आहे. अनेक विभागांनी जुन्या ऐच्छिक विषयांना नवी नावे देऊन ती उभी केली. बहुचल विश्लेषणातील (अनेक चलांच्या एकत्र अभ्यासातील) वर्गीकरणाचे प्रकरण आता यंत्रशिक्षणाच्या (मशीन लर्निंगच्या) पेपरात आढळते. त्यात वाईट काही नाही. पण संभाव्यता आणि अनुमान यांचे तास कमी करून ही जागा केली असेल, तर विद्यार्थ्याच्या हाती साधने येतात आणि ती कधी वापरू नयेत हे कळत नाही. शाखा निवडताना नावापेक्षा पहिल्या दोन सत्रांचा आराखडा वाचणे जास्त उपयोगाचे.

भारतीय सांख्यिकी संस्थेत विशेष शाखांची यादी वेळोवेळी बदलत आली आहे. प्रगत संभाव्यता, अ‍ॅक्च्युअरियल संख्याशास्त्र, जीवसंख्याशास्त्र, औद्योगिक संख्याशास्त्र व प्रवर्तन संशोधन (ऑपरेशन्स रिसर्च), गणिती संख्याशास्त्र, संख्यात्मक अर्थशास्त्र अशी नावे तिच्यात राहिली आहेत. तिथल्या प्रवेश परीक्षेत अनेक वर्षे सकाळी बहुपर्यायी प्रश्न आणि दुपारी सविस्तर उत्तरांचा पेपर अशी पद्धत होती. दुपारच्या पेपरात मोजकेच प्रश्न असत, आणि त्यांतले तीन-चार धड सोडवणे हीसुद्धा कमाई मानली जाई. मुंबईच्या आयआयटीत आणि इतर आयआयटींत जॅम या सामाईक परीक्षेतील गणिती संख्याशास्त्राच्या पेपरावरून प्रवेश होतो. विद्यापीठांच्या विभागांत स्वतःची प्रवेश परीक्षा किंवा बी. एससी.चे गुण पाहिले जातात. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या अभ्यासक्रमात संशोधन पद्धती, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आणि संशोधन प्रकल्प यांना वेगळे श्रेयांक आले आहेत. एका वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोयही आहे.

सरकारी वाट ही शाखांच्या यादीत नसलेली, पण जुनी शाखाच आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांख्यिकी सेवेसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग परीक्षा घेतो. सामान्य इंग्रजी व सामान्य अध्ययन यांचे प्रत्येकी १०० आणि संख्याशास्त्राच्या चार पेपरांचे प्रत्येकी २०० गुण, शिवाय २०० गुणांची मुलाखत. या चार पेपरांत नमुना पाहणीपासून जन्म-मृत्यू सांख्यिकीपर्यंत सगळे येते, त्यामुळे फार लवकर एकाच शाखेत शिरलेल्याला जुनी वह्या-पुस्तके पुन्हा काढावी लागतात. अध्यापनाकडे वळणाऱ्यांसाठी राष्ट्रीय पातळीवरची नेट आणि राज्याची सेट या पात्रता परीक्षा आहेत. नेटमध्ये संख्याशास्त्राचा स्वतंत्र पेपर नाही. तो गणिती विज्ञानाच्या पेपरातला चौथा घटक आहे. परीक्षागृहात गणिताचे शंभर विद्यार्थी ज्या पानांवर नजरही टाकत नाहीत, ती शेवटची पाने आपला स्टॅटवाला आधी उघडतो.