क्लस्टरला कुलूप कधी लागलं? हडूपच्या सिक्युरिटीची पार्श्वभूमी

२०१८ चा मे महिना. गळीत हंगाम संपलेला, सांगलीत ऊन असं की दुपारी विश्रामबागच्या रस्त्यावर माणूस दिसत नव्हता, आणि आमचा क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडून एकाच कामाला लावलेली मशीन, मात्र शंभर टक्के सीपीयूवर पळत होता. मी तेव्हा एका छोट्या कंपनीत हडूप सांभाळायचो. हडूप म्हणजे एका मशीनवर न मावणारा डेटा अनेक मशीनवर तुकड्यांनी ठेवून तिथंच त्यावर काम चालवणारं सॉफ्टवेअर. नऊ मशीन होती आणि काम साखर कारखान्यांच्या डेटाचं: ऊस नोंद, तोडणीचा प्रोग्राम, काट्यावरचं वजन, उतारा, आणि बिल ज्या खात्यावर जमा होतं ते शेतकऱ्याचं बँक खातं. हंगाम नसताना त्यावर फारसं काही चालत नाही. म्हणून रिसोर्स मॅनेजरचं, म्हणजे कुठलं काम कुठल्या मशीनवर चालवायचं ते ठरवणाऱ्या भागाचं, पान उघडून बघितलं तर रांगेत ढीगभर जॉब, आणि युझरच्या रकान्यात खालपासून वरपर्यंत एकच नाव, डीआर डॉट हू. मी बाजूच्याला विचारलं, अरे कोण नवीन पोरगं घेतलंय का आपण?

कुणी पोरगं नव्हतं. हडूपच्या वेब पानावर लॉगिन न करता कुणी आलं तर त्याला द्यायला एक नाव कॉन्फिगमध्ये आधीच भरून ठेवलेलं असतं, ते हे नाव. आमच्या राउटरवर ८०८८ पोर्ट (त्या पानाचं नेटवर्कवरचं दार) बाहेरून उघडा राहिला होता, कुणीतरी तिथं एक साधी रिक्वेस्ट टाकली, त्यात चालवायची कमांड, आणि आमची मशीन त्याच्यासाठी क्रिप्टो मायनिंग, म्हणजे डिजिटल चलन कमावायची आकडेमोड, करत बसली. त्या वर्षी जगभरातल्या उघड्या क्लस्टरांवर हेच चाललेलं. डेटा बाहेर गेल्याची खूण लॉगमध्ये सापडली नाही, पण जो माणूस तुमच्या मशीनवर हवी ती कमांड चालवू शकतो त्यानं फाइल वाचायचं मनावर घेतलं असतं तर त्याला अडवणारं तिथं कोणीच नव्हतं. माझी झोप उडाली ती मायनिंगमुळं नाही, त्या खात्यांच्या यादीमुळं. वाळव्याकडच्या माझ्या आत्याचं खातंपण त्यात होतं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात होता, की एवढं मोठं सॉफ्टवेअर, मोठमोठ्या कंपन्या वापरतात, मग ते दार उघडं ठेवूनच कसं काय येतं? उत्तर शोधताना सगळा इतिहास वाचावा लागला, तोच इथं मांडतोय.

सुरुवात गूगलच्या दोन पेपरपासून, २००३ मध्ये त्यांच्या फाइल सिस्टिमवरचा आणि २००४ मध्ये मॅपरिड्यूस या अनेक मशीनवर काम वाटून द्यायच्या पद्धतीवरचा. डग कटिंग आणि माइक कॅफरेला हे दोघं तेव्हा नच नावाचं ओपन सोर्स सर्च इंजिन बांधत होते, त्यांना हीच अडचण होती की वेबची पानं एका मशीनवर मावत नाहीत, म्हणून त्यांनी ते पेपर वाचून स्वतःचं बनवलं. २००६ मध्ये कटिंग याहूत गेले आणि तो भाग वेगळा होऊन हडूप झाला, नाव त्यांच्या मुलाच्या खेळण्यातल्या हत्तीचं. आता यात ठेवलेला डेटा काय होता ते बघा, इंटरनेटवरची पानं. जी पानं जगाला आधीच दिसतायत त्यांना कुलूप कशाला लावायचं? शिवाय मशीन कंपनीच्या आत, वापरणारे सगळे ओळखीचे इंजिनियर. त्या परिस्थितीत तो निर्णय बरोबरच होता असं मला वाटतं, चूक पुढं झाली.

त्या काळात हडूप युझर ओळखायचं कसं, तर तुमच्या मशीनवर हू-अ‍ॅम-आय ही कमांड चालवायचं आणि जे उत्तर येईल ते सर्व्हरला सांगायचं. सर्व्हर विश्वास ठेवायचा. २००८ मध्ये ०.१६ व्हर्जनला फाइलींवर परमिशन आल्या, मालक, ग्रुप, बाकीचे, जशा युनिक्सवर असतात तशा, पण त्याच्या डॉक्युमेंटमध्येच स्पष्ट लिहिलं होतं की एका युझरनं दुसऱ्याचं सोंग घेतलं तर ही व्यवस्था वाचवणार नाही, ही आपसात सहकार्यानं वागणाऱ्या लोकांसाठी आहे. सहकार! आमच्या सांगली-साताऱ्यात सहकाराचा अर्थ गावातल्या सोसायटीच्या सभासदालापण माहीत आहे: सभासद रजिस्टर लागतं, शेअर नंबर लागतो, सही नाहीतर अंगठा लागतो, आणि कर्ज मंजूर करणारी कमिटी वेगळी असते. विश्वास आहे म्हणून रजिस्टर ठेवायचं नाही असं कुठल्या सोसायटीत चालत नाही. हडूपमध्ये मंजुरीचे नियम आले पण समोरचा माणूस खरा कोण हे तपासणारं रजिस्टरच नव्हतं, म्हणजे ऑथोरायझेशन आधी आलं आणि ऑथेंटिकेशन राहूनच गेलं. हा उलटा क्रम डोक्यात ठेवा, पुढचा बराचसा त्रास त्यातूनच आलाय.

अजून एक भोक होतं, ते मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटतं. फाइलची परमिशन तपासायचा नेमनोड, म्हणजे कुठली फाइल कुठं आहे याची नोंद ठेवणारा सर्व्हर, पण डेटाचे तुकडे (ब्लॉक) पडलेले असायचे डेटानोडवर, म्हणजे साठवणाऱ्या मशीनवर, आणि डेटानोड काही विचारायचा नाही. ब्लॉकचा नंबर सांगा, ब्लॉक घ्या. म्हणजे ऑफिसात कडक साहेब बसलाय आणि गोडाऊनच्या मागच्या दाराला कडीच नाही.

याहूमध्ये क्लस्टर वाढत गेले, वेगवेगळ्या टीमचा आणि युझरचा खाजगी डेटा त्यावर यायला लागला. वेगळं ठेवायचं तर प्रत्येक टीमला वेगळा क्लस्टर द्यायचा, म्हणजे खर्च वाढतो आणि मशीन रिकामी पडून राहतात. म्हणून २००९ मध्ये ओवेन ओमॅली, कान झँग, संजय राडिया वगैरे मंडळींनी सिक्युरिटीचं डिझाइन लिहिलं. ते डॉक्युमेंट आजही वाचण्यासारखं आहे, कारण प्रत्येक निर्णयाचं कारण त्यात दिलंय. ओळख पटवायला एसएसएलची सर्टिफिकेट (वेबसाइट वापरतात तसली डिजिटल ओळखपत्रं) न घेता कर्बरॉस, म्हणजे मधल्या सर्व्हरकडून ओळख पटवून घ्यायची पद्धत, का घेतलं? एक तर त्यात दोन्हीकडं एकच गुपित किल्ली असल्यानं गणित कितीतरी पटीनं हलकं पडतं, आणि दुसरं, माणूस नोकरी सोडून गेला की मध्यवर्ती यादीतून त्याचं नाव काढलं की झालं, सर्टिफिकेट रद्द केल्याची यादी गावभर वाटत बसायला नको.

कर्बरॉस स्वतः खूप जुनं. १९७८ मध्ये नीडहॅम आणि श्रोडर यांनी मूळ कल्पना मांडली, की तिसऱ्या विश्वासू सर्व्हरच्या मदतीनं दोघांनी एकमेकांची ओळख पटवायची आणि पासवर्ड तारेवरून पाठवायचाच नाही. १९८१ मध्ये डेनिंग आणि साको यांनी त्यात वेळेचा शिक्का घालायला सुचवलं, म्हणजे त्या सर्व्हरनं दिलेलं जुनं तिकीट (ओळखीचा पुरावा) चोरून परत वापरता येणार नाही. एमआयटीत १९८३ ला प्रोजेक्ट अथेना सुरू झाला, कॅम्पसभर सगळ्यांना वापरायला कॉम्प्युटर, आणि तिथं हे प्रत्यक्षात बांधलं गेलं. पाचवं व्हर्जन १९९३ मध्ये स्टँडर्ड म्हणून छापलं गेलं, आपण अजून तेच वापरतो.

तो वेळेचा शिक्का आम्हाला कसा भोवला ते सांगतो. कर्बरॉस घड्याळातला फरक साधारण पाच मिनिटांपर्यंत खपवून घेतं. आमची मशीन जुनी होती, एकदा वळवाच्या पावसात लाईट गेली, यूपीएसपण बसला, आणि एका नोडच्या मदरबोर्डवरचा तो छोटा गोल सेल मेलेला, त्यामुळं मशीन परत चालू झालं ते भलत्याच तारखेला. टाइम सिंक बूटच्या वेळी चालू होत नव्हतं. अख्खा दिवस आम्ही पासवर्ड, किल्ल्या, नेटवर्क सगळं तपासत बसलो, एरर मात्र स्वच्छ शब्दात सांगत होता की घड्याळात फरक फार आहे. कर्बरॉसला शिव्या देणारे बरेच भेटतात, पण चाळीस वर्षांपूर्वी चोराचा कुठला रस्ता बंद करायला ते पाच मिनिटांचं बंधन घातलं हे कळलं की राग निम्मा होतो.

पण कर्बरॉस तसंच्या तसं हडूपला बसत नव्हतं. एका जॉबचे हजारो टास्क, म्हणजे कामाचे तुकडे, हजारो ठिकाणी एकदम सुरू होतात, सगळे एकाच वेळी तिकीट मागायला लागले तर तो मधला सर्व्हर झोपणार. आणि युझरचं मूळ तिकीट प्रत्येक टास्कच्या हातात देणं तर अजूनच धोक्याचं. म्हणून त्यांनी डेलिगेशन टोकन काढलं. हे समजायला मला आपली ऊसतोड उपयोगी पडली. शेतकरी काही प्रत्येक ट्रॉलीबरोबर कारखान्याला जात नाही. त्याची नोंद एकदा झालेली असते, तोड आली की चिटबॉय चिठ्ठी देतो, ती चिठ्ठी घेऊन ट्रॅक्टरवाला जातो, काट्यावर तीच दाखवतो, वजन शेतकऱ्याच्या नावावर पडतं. चिठ्ठीवर ती खेप निघते, तिच्यावर शेतकऱ्याच्या बँकेतून पैसे काढता येत नाहीत, आणि हरवली तर नुकसान तेवढ्यापुरतं. डेलिगेशन टोकन असंच, साधारणपणे चोवीस तासांनी रिन्यू करायचं आणि सात दिवसांनी संपतंच. डेटानोडच्या मागच्या दारालापण कडी बसली, नेमनोडनं सही केलेलं ब्लॉक टोकन दाखवल्याशिवाय तुकडा मिळायचा बंद झाला. आणि टास्क हा जॉब टाकणाऱ्या युझरच्याच नावानं मशीनवर चालायला लागला, आधी सगळ्यांचे टास्क एकाच सिस्टिम युझरनं चालायचे त्यामुळं एकाचा टास्क दुसऱ्याच्या तात्पुरत्या फाइलीत डोकावू शकायचा. हे सगळं २०११ मध्ये लोकांच्या हातात आलं, त्या डिसेंबरात १.० निघालं त्यात हे होतं.

मग बँका, टेलिकॉम, हॉस्पिटलं या बाजूला वळली आणि नुसती फाइलची परमिशन पुरेना. हाइव्हच्या (हडूपवरचा डेटा टेबलांच्या रूपात दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) टेबलात नाव, गाव, खातं एकत्र असतं, कुणाला गाव दिसावं पण खातं दिसू नये हे फाइलच्या पातळीवर जमणार कसं? असे बारीक नियम लावायला २०१३ मध्ये हडूप बांधून देणाऱ्या क्लाउडेरा कंपनीनं सेंट्री आणलं, २०१४ च्या मेमध्ये तिची स्पर्धक हॉर्टनवर्क्सनं एक्सए सिक्युअर ही कंपनी विकत घेऊन तिचा कोड ओपन सोर्स केला, तो रेंजर झाला. दोन कंपन्यांची स्पर्धा आणि मधल्यामध्ये आपल्यासारख्यांची फरफट, एका डिस्ट्रिब्युशनवरचे (कंपनीनं बांधून दिलेल्या हडूपवरचे) नियम दुसऱ्यावर चालायचे नाहीत. २०१९ च्या जानेवारीत त्या दोन कंपन्याच एक झाल्या, रेंजर राहिलं आणि सेंट्री पुढच्या वर्षी बंद पडलं.

एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा डेटा बदलून ठेवणं, सगळ्यात शेवटी पूर्ण झालं. तारेवरचं २०१२ च्या आसपास, डिस्कवरचं इंटेलनं २०१३ मध्ये सुरू केलेल्या प्रोजेक्ट ऱ्हायनोनंतर जोर धरून २०१४ च्या नोव्हेंबरात २.६ मध्ये. यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते. प्रत्येक फाइलला वेगळी किल्ली, ती किल्ली पुन्हा दुसऱ्या किल्लीनं बंद करून नेमनोडकडं ठेवलेली, आणि ती मोठी किल्ली केएमएस नावाच्या वेगळ्या सर्व्हरवर. तिथं क्लस्टरच्या सुपरयुझरलाच (सगळे अधिकार असलेल्या युझरला) काळ्या यादीत टाकता येतं. म्हणजे माझ्यासारखा अ‍ॅडमिन फाइल हलवेल, बॅकअप घेईल, पण आत्याचं खातं वाचू शकणार नाही. वाचता येऊच नये, मला त्याची गरज काय?

इतकं सगळं २०१४ पर्यंत तयार होतं. तरी २०१७ च्या जानेवारीत आधी मोंगोडीबी, मग इलॅस्टिकसर्च या डेटा साठवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आणि मग हडूपवर डेटा पुसून टाकणारे हल्ले झाले, आणि त्याच वर्षी इंटरनेटवरची उघडी मशीन शोधणाऱ्या शोडानच्या पाहणीत साडेचार हजाराच्या आसपास हडूप सर्व्हर उघडे सापडले, त्यावर पाच पेटाबाइटहून जास्त डेटा. कारण एकच. ऑथेंटिकेशनच्या सेटिंगमध्ये आधीपासून भरलेली व्हॅल्यू तेव्हापण 'सिंपल' होती आणि आजही तीच आहे. सिंपल म्हणजे २००६ चाच विश्वास. स्वतःच्या मशीनवरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्राम वाचतो त्या सेटिंगमध्ये) हडूप युझर नेम म्हणून एचडीएफएस हे सुपरयुझरचं नाव लिहा, एका ओळीत तुम्ही सुपरयुझर. मी हे आमच्या मालकांसमोर स्वतःच्या लॅपटॉपवरून करून दाखवलं, पासवर्ड न टाकता खात्यांचं फोल्डर उघडलं, तेव्हा कुठं नवीन मशीन आणि दोन महिने वेळ मंजूर झाला.

आपल्याकडं कायद्याचं म्हणाल तर २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आणि २०२५ च्या नोव्हेंबरातले त्याचे नियम. त्यात एन्क्रिप्शन, मास्किंग (माहितीचा भाग झाकणं), कुणी काय बघितलं याचे लॉग वर्षभर ठेवणं हे आता लेखी आलंय, आणि सुरक्षा ठेवली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. कारखान्यांचा डेटा सांभाळणाऱ्या छोट्या कंपन्यांनी हे वाचायलाच पाहिजे.

आमचं काम दोन महिन्यांत आटपलं नाही. कर्बरॉस पंधरा दिवसांत लागलं, रेंजरचे नियम लिहायला महिना गेला कारण कुणाला काय दिसावं हे कुठं लिहिलेलंच नव्हतं, प्रत्येक कारखान्याच्या शेती विभागाला आणि अकाउंटला फोन करून विचारावं लागलं. एन्क्रिप्शनचा झोन (आत ठेवलेलं आपोआप एन्क्रिप्ट होणारी जागा) रिकाम्या फोल्डरवरच करता येतो, आधीपासून पडलेल्या फाइली जागच्या जागी एन्क्रिप्ट होत नाहीत, सगळं कॉपी करून आत न्यायचं आणि जुनं पुसायचं. हंगामानुसार एकेक फोल्डर घेत गेलो. खात्यांच्या याद्या पहिल्यांदा आत नेल्या, काट्याची वजनं मागनं, आणि २०१४-१५ च्या हंगामाचं शेवटचं फोल्डर आत गेलं तोवर पुढच्या गळिताच्या मोळ्या टाकून झाल्या होत्या.