पाण्याखालच्या गुहेत उजेड कुठे बांधावा?

तारकर्लीला स्कूबा करताना काही बिघडलं तर हळूहळू वर यायचं, वर आकाश आहेच. पाण्याने भरलेल्या गुहेत वर खडक असतो. बाहेर पडायची वाट एकच, आलो त्या बोगद्यातून मागे. तिथे टॉर्च विझली तर डोळे कितीही वेळ सरावले तरी काही दिसत नाही, कारण दिसण्यापुरता उजेडच आत पोचत नाही. म्हणून फ्लोरिडातले झरे असोत की मेक्सिकोतल्या युकातानमधले सेनोते (पाण्याने भरलेले खोल खड्डे), केव्ह डायव्हिंगचा नियम एकच: माणशी किमान तीन टॉर्च. एक मुख्य, दोन राखीव, आणि प्रत्येकीत अख्ख्या डाइव्हला पुरेल एवढा चार्ज. एक जरी बंद पडली तरी सगळ्यांनी तिथूनच परत फिरायचं.

तीनचं गणित सोपं आहे. एका डाइव्हमध्ये एक टॉर्च दगा देण्याची शक्यता शंभरात एक धरली, तर तिन्ही जाण्याची दहा लाखांत एक होते. पण हे तिन्हींचे बिघाड एकमेकांशी संबंध नसलेले असतील तरच खरं. एकाच वेळी घेतलेले जुने सेल, एकाच बिघडलेल्या चार्जरवर रात्रभर लावलेले, असं असेल तर टॉर्च तीन आणि बिघाडाचं कारण एक. राखीव टॉर्चचे सेल तरी वेगळ्या खरेदीतले ठेवा.

मुख्य टॉर्च डोक्यावर बांधायचा मोह होतो, हात मोकळे राहतात म्हणून. स्वच्छ पाण्यात तो टाळावा. आंबोली घाटात दाट धुक्यात गाडीचा अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. डिप्पर केला की रस्ता थोडा दिसतो. पाण्यातल्या गाळाचंही तसंच आहे. उजेड डोळ्यांजवळून निघाला की कणांवर आपटून थेट डोळ्यांत परत येतो. तोच उजेड हातभर अंतरावरून, तिरका टाकला तर त्रास बराच कमी होतो. शिवाय डोक्यावर टॉर्च असली की जोडीदाराकडे पाहणं म्हणजे त्याचे डोळे दिपवणं. म्हणून मुख्य टॉर्चचं काचेकडचं डोकं डाव्या हाताच्या पाठीवर, गुडमन हँडल नावाच्या पंज्यावर चढवायच्या पकडीत बसवतात. बोटं मोकळी राहतात आणि टॉर्चनेच बोलता येतं: भिंतीवर सावकाश गोल फिरवला म्हणजे ठीक, झपझप आडवा हलवला म्हणजे संकट. त्यासाठी झोत अरुंद हवा. तेवढेच ल्युमेन (एकूण उजेडाचं माप) ८० अंशांऐवजी ८ अंशांत कोंडले तर झोताची तीव्रता सुमारे १०० पट होते. खोक्यावरचा ल्युमेनचा मोठा आकडा बघून भुलू नये, झोताचा कोन विचारावा.

मग टॉर्च बांधायचं हेल्मेट कशाला? २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेल्या मुलांपर्यंत पोचलेले ब्रिटिश डायव्हर हेल्मेटवाले होते. अशा गुहांत मधेमधे कोरडे टप्पे येतात, तिथे रांगावं लागतं, छत डोक्याला लागतं. पाणी इतकं गढूळ की वाट दाखवायला लावलेल्या दोरीवरच हात ठेवून पुढे सरकायचं. तिथे हेल्मेट हवंच, आणि हवेचे, खोलीचे मीटर वाचण्यापुरता उजेड त्यावर असणं सोयीचं. उंच छताच्या, स्वच्छ पाण्याच्या गुहेत मात्र श्वासाच्या हवेची दोन मीटरची लांब नळी डोक्यावरून काढून जोडीदाराला हवा द्यायची असते, आणि नळी हेल्मेटच्या टॉर्चला अडकू शकते. तिथे अनेक जाणकार हेल्मेट घालतच नाहीत, आणि ते मला योग्य वाटतं.

घ्यायचंच तर कडक कवच आणि आत पट्ट्यांची जाळी असलेलं गिर्यारोहणाचं हेल्मेट घ्या. त्याच्या कवचाच्या एबीएस प्लास्टिकची घनता जवळपास पाण्याइतकी, त्यामुळे ते ना खाली ओढतं ना वर. सायकलच्या हेल्मेटमध्ये थर्माकोल असतो. अर्धा लिटर फोम डोकं जवळपास अर्ध्या किलोच्या जोराने वर खेचतो, मान अवघडते. ३० मीटरवर पृष्ठभागाच्या चौपट दाबाने तो चेपला की पुन्हा पूर्ण फुगेलच असं नाही, म्हणजे संरक्षणही गेलं. कवचाला वरून भोकं हवीत, नाहीतर श्वासाचे बुडबुडे आत साठतात. माप घेताना खाली डायव्हिंगचा हूड (डोकं झाकणारी टोपी) घालूनच घ्या आणि हनुवटीचं बक्कल जाड हातमोज्यांनी उघडून बघा.

राखीव टॉर्च हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना, सारख्या वजनाच्या, कवचाला चिकटून बांधा. नंतर दोन मिलिमीटरची नायलॉनची दोरी घ्या आणि हेल्मेटवरून सगळ्या दिशांनी ओढा. जिथे अडकेल, तिथे गुहेतली मार्गदर्शक दोरीही अडकणार. ती फट टेपने बुजवा किंवा टॉर्चची जागा बदला.

डोकं फिरवून चालू होणाऱ्या टॉर्चची एक खोड माहीत असावी. खोलवर दाब तिचं डोकं आत ढकलतो आणि ती आपोआप पेटते. गरज पडेपर्यंत सेल संपलेले. पाण्यात जाण्याआधी ती सैल करून बंद केल्यावर अंगठ्याने डोकं जोरात दाबा. पेटली तर आणखी पाव फेरा सैल करा. फार सैल केली तर ओ-रिंग (सांध्यातून पाणी अडवणारी रबरी कडी) जागेवरून सुटते आणि पाणी शिरतं.

ओ-रिंगवर एक केस किंवा वाळूचा कण पुरतो. ती बोटात धरून पूर्ण फिरवा, चीर लागते का बघा. ग्रीस फक्त चमक येईल इतकंच. ते रिंग सरकावी म्हणून असतं, गळती थांबवायला नव्हे, आणि जाड थरात वाळू चिकटते. १०० मीटर खोलीवर पाच सेंटिमीटर व्यासाच्या काचेवर पाण्याचा भार जवळपास २०० किलो पडतो. चांगली ओ-रिंग दाबाने आणखी घट्ट बसते. घाणेरडी रिंग बहुतेकदा पहिल्या काही मीटरमध्येच, कमी दाबात गळते. म्हणून उतरल्यावर पाचेक मीटरवर थांबून एकमेकांच्या तिन्ही टॉर्च तपासतात.

पाणी शिरलेली टॉर्च वर आल्यावर घाईने उघडू नका. खारं पाणी आणि सेल मिळून आत हायड्रोजन तयार होतो आणि कोंडतो. तोंड माणसांपासून दूर धरा, एकेक आटा सावकाश सोडा, हवा सुटल्याचा आवाज पूर्ण थांबला की मगच झाकण काढा.