कर्नलच्या मेन्यूत केव्हीएम आलं कसं

लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतः कंपाइल करणाऱ्याला ‘व्हर्च्युअलायझेशन’ मेन्यूत केव्हीएमखाली (एका संगणकावर अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवण्याची कर्नलमधली सोय) इंटेल आणि एएमडी असे दोन वेगळे पर्याय दिसतात. एकाच कामाला दोन मॉड्यूल (कर्नलला जोडायचे कोडचे भाग) का, याचं मूळ एक्स86 प्रोसेसरच्या जुन्या उणिवेत आहे.

1974 साली पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी व्हर्च्युअल मशीन चालवायला प्रोसेसर योग्य आहे का, याची कसोटी घालून दिली: यंत्राच्या स्थितीशी संबंधित प्रत्येक सूचना अधिकार नसताना चालवली, तर ट्रॅप व्हायलाच हवा, म्हणजे प्रोसेसरने थांबून नियंत्रण वरच्या सॉफ्टवेअरकडे द्यायलाच हवं. एक्स86 इथे नापास होता. ‘पॉपएफ’ ही सूचनाच घ्या. युजर मोडमध्ये तिने इंटरप्ट फ्लॅग बदलू पाहिला, तर प्रोसेसर तेवढा बदल निमूट गाळतो आणि पुढे जातो. व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, म्हणजे हायपरवायझरला, पत्ताच लागत नाही.

व्हीएमवेअरने 1999 मध्ये गेस्टचा (व्हर्च्युअल मशीनच्या आतल्या सिस्टिमचा) कोड चालता चालता बदलून यावर मात केली. 2003 मध्ये आलेल्या झेन या हायपरवायझरने गेस्ट कर्नलच बदलायला लावला. त्यामुळे बंद सोर्सच्या सिस्टिम अडल्या. अखेर 2005 च्या नोव्हेंबरात इंटेलने व्हीटी-एक्स आणि 2006 मध्ये एएमडीने स्वतःची सोय थेट चिपमध्ये दिली. कल्पना तीच, पण सूचना आणि नियंत्रण-रचना वेगळ्या. म्हणून मॉड्यूल दोन.

क्युमरानेट कंपनीच्या आवी किविटी यांनी ऑक्टोबर 2006 मध्ये केव्हीएमचे पॅच मांडले आणि फेब्रुवारी 2007 च्या 2.6.20 आवृत्तीत ते कर्नलचा भाग झाले. इतक्या लवकर! माझ्या मते त्यामागे एक फार शहाणा निर्णय होता: शेड्युलर आणि मेमरी व्यवस्थापन नव्याने लिहायचंच नाही, लिनक्सचंच वापरायचं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे एक साधी प्रोसेस, तिचा प्रत्येक सीपीयू म्हणजे एक थ्रेड. झेनच्या होस्ट बाजूला (गेस्टना सांभाळणाऱ्या मूळ सिस्टिमच्या भागाला) मुख्य कर्नलमध्ये पुरती जागा मिळायला 2011 उजाडलं.

हार्डवेअरची ही सोय बायोसमधून (संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सॉफ्टवेअरमधून) बंद करून कुलूपबंदही करता येते. मग कर्नलमध्ये सगळे पर्याय निवडूनही केव्हीएम सुरू होत नाही. ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या यादीत, बायोसने बंद केल्याची नोंद तेवढी दिसते.

डिस्क आणि नेटवर्क मात्र नकली हार्डवेअरमुळे रखडतच होते. त्यावर उपाय म्हणून रस्टी रसेल यांचं व्हर्टआयओ, म्हणजे खऱ्या हार्डवेअरची नक्कल न करता गेस्टला होस्टशी बोलू देणारी पद्धत, 2008 च्या 2.6.24 मध्ये आलं. त्याचे ड्रायव्हर गेस्टला लागतात, त्यामुळे ते ‘डिव्हाइस ड्रायव्हर्स’खाली शोधावे लागतात. गेस्टची रूट डिस्क व्हर्टआयओवर असेल, तर ब्लॉक आणि पीसीआय हे दोन्ही ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधा, नाहीतर इनिटरॅमएफएसमध्ये (बूट होताना आधी मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइलसिस्टिममध्ये) घाला. ते राहिले तर गेस्टला रूट फाइलसिस्टिम सापडत नाही आणि बूट होतानाच कर्नल पॅनिक होतो.