उकिडवं की खुर्चीवर?

"काका, इंडियन बसवायचं की वेस्टर्न?" घराचं काम काढलं की प्लंबर हे विचारतोच. आमच्याकडे त्यावर दोन दिवस खल झाला. आईचे गुडघे एका बाजूला, आणि "कमोडवर मोकळं होत नाही" ही बाबांची जुनी तक्रार दुसऱ्या बाजूला. दोघांचंही खरं होतं.

मलाशयाला मागून वेढा घालणारा एक स्नायू असतो, प्युबोरेक्टॅलिस. त्याची दोन्ही टोकं पुढे जघनास्थीला चिकटलेली, म्हणजे गोफणच. एरवी तो मलमार्ग पुढे ओढून दुमडून ठेवतो; बागेतला पाइप दुमडला की पाणी थांबतं, तसं. शौचाला बसलं की तो सैलावतो. मांड्या पोटाशी आल्या की दुमड आणखी उलगडते. २०१० साली जपानी संशोधकांनी हा कोन मोजला: खुर्चीसारखं बसल्यावर सुमारे १०० अंश, उकिडवं बसल्यावर १२६. त्याआधी २००३ मध्ये इस्रायलच्या डॉ. डोव्ह सिकिरोव्ह यांनी २८ जणांच्या हाती चक्क घड्याळं दिली. उकिडवं बसून सरासरी ५१ सेकंद, नेहमीच्या कमोडवर १३०. जपानी प्रयोगात तर सहाच माणसं होती, तेव्हा आकडे जपूनच घ्यावेत. पण बाबांना एवढं पुरेसं होतं.

आता आईची बाजू. बीजिंगमधल्या वृद्धांच्या पाहणीत, तरुणपणी रोज बराच वेळ उकिडवं बसणाऱ्यांमध्ये गुडघ्याची झीज जास्त आढळली. ते बसणं अर्थात फक्त संडासातलं नव्हे. सवयीची खूण हाडावरही उमटते: नडगीच्या खालच्या कडेला, घोट्यापाशी, छोटा गुळगुळीत चट्टा पडतो. जुने सांगाडे तपासणारे त्यावरून ओळखतात की हा माणूस उकिडवा बसत असे.

आपण कमोडला 'इंग्लिश' म्हणतो, पण रोमन लोक दगडी बाकांच्या भोकांवर ओळीने बसतच होते. इंग्लंडची खरी देणगी बैठकीच्या खाली आहे. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने वाकड्या नळीचं पेटंट घेतलं. वाकात पाणी साचून राहतं, त्यामुळे दुर्गंधी वर येत नाही. गावाकडच्या भांड्याखाली गवंडी जो 'कोंबडा' बसवतो, तो याच जातीचा. ते ग्रामीण भांडं मला या सगळ्यात हुशार वाटतं: उतार २५ ते २८ अंशांचा, म्हणून दीड-दोन लिटर पाण्यात काम होतं.

शहरात मात्र निवाडा बहुधा स्लॅब करतो. देशी भांडं आणि त्याचा ट्रॅप, म्हणजे तीच वाकडी नळी, जमिनीत जातो, त्यासाठी स्लॅब खोल सोडावा लागतो. तो सोडला नसेल तर ओटा बांधून पायऱ्या चढा. आमच्याकडे तो सोडलेला नव्हता, आणि पायऱ्या म्हटल्यावर आईने हात जोडले. कडेवर पाय ठेवायला खाचा असलेला अँग्लो-इंडियन कमोडही दुकानात पाहिला. त्यावर चढायची कसरत बघून बाबाच मागे फिरले.

शेवटी साधा कमोड बसला. अमेरिकेत ओहायोमध्ये ५२ जणांनी आधी दोन आठवडे नेहमीसारखं आणि मग दोन आठवडे पायाखाली स्टूल घेऊन पाहिलं. २०१९ च्या त्या अहवालात ९० टक्के लोकांनी कुंथणं कमी झाल्याचं सांगितलं. हे वाचून दाखवल्यावर बाबांनी माळ्यावरून चौरंग काढला. आईची हरकत एवढीच, की तो सत्यनारायणाचा होता.