दीनानाथ दलाल : फक्त मुखपृष्ठावरच्या सुंदऱ्यांचे चित्रकार नव्हेत

मडगावात दलालांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं : "ते दिवाळी अंकांवर नटव्या बायका काढायचे ना?" पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा समज चुकीचा आहे, आणि मला तो मनापासून खटकतो.

१९१६ साली मडगावात जन्मलेले दलाल मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १९४५ साली त्यांनी 'दीपावली' हा वार्षिक अंक सुरू केला. मुखपृष्ठं सगळ्यांच्या लक्षात राहिली, कारण रंगीत छपाई महाग असायची आणि रंगाचा मान बहुधा मुखपृष्ठालाच मिळायचा. आतली कथाचित्रं काळ्या रेषेत. तीच लोक विसरले. बाबासाहेब पुरंदरे यांच्या 'राजा शिवछत्रपती'तली चित्रंही दलालांचीच. त्यातले घोडे, मावळे, गडांचे कडे पाहिल्यावर 'फक्त बायका' कोण म्हणेल?

आमच्या घरी 'दीपावली'चा एक जुना अंक आहे, पानं पिवळी पडलेली. कथेच्या शीर्षकाशेजारी उंबऱ्यावर बसलेली म्हातारी आहे. पदराला चारच रेषा, पण खांद्याचा बाक नेमका. जलरंगाचा हात असलेल्यालाच हे जमतं, असं मला वाटतं. जलरंगात उजेड म्हणजे कोरा ठेवलेला कागद, त्यामुळे कुठे हात आवरायचा ते आधीच ठरवावं लागतं. त्या म्हातारीचा अर्धा चेहरा त्यांनी असाच मोकळा सोडलाय, आणि ऊन तिथंच पडलेलं दिसतं.