पेटीचं वजन झालं, बाईला कुणी विचारलं नाही

अफू कशी तोलायची हे इंदूरला फार लवकर कळलं. 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांचं राज्य इंग्रजांच्या छत्राखाली गेलं. माळव्याची सगळी अफू आपणच उचलावी हा कंपनीचा बेत काही साधला नाही, कारण माल राजपुताना, सिंध, कराची असा वळसा घेऊन पोर्तुगीजांच्या दमणला पोहोचायचा. शेवटी 1830 च्या सुमारास परवान्याची पद्धत आली. पेटी अधिकाऱ्यासमोर तोला, पेटीमागे कर भरा, मग मुंबईचा रस्ता मोकळा. इंदूर हे या तोलाईचं मोठं ठाणं होतं. पुढे सर हुकुमचंदांसारख्या इथल्या व्यापाऱ्यांची दौलत उभी राहण्यात अफूच्या सट्ट्याचाही वाटा होता. शहराच्या श्रीमंतीचा हा भाग आपण सांगतो, पण जरा हळू आवाजात.

हे सगळं आठवायचं कारण वेगळं आहे. व्यसनात अडकलेल्या बायकांच्या लैंगिक तक्रारी कशा तपासाव्यात, याबद्दल आता कुठे थोडं बोललं जातं. इतका उशीर का झाला, ते जुन्या कागदांत डोकावलं की कळतं.

अफूची चौकशी करायला इंग्रज सरकारने 1893 मध्ये लॉर्ड ब्रासी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. 1895 मध्ये त्याचा अहवाल आला. सात खंड, सातशेहून जास्त साक्षी. अफूने माणूस आळशी होतो का, गुन्हेगार होतो का, पुरुषत्वावर काय परिणाम होतो, हे सगळं विचारून झालं. साक्षीदार बहुतेक पुरुष: डॉक्टर, अधिकारी, जमीनदार, मिशनरी. बाई या नोंदींत येते ती मुख्यतः आई म्हणून, रडणाऱ्या पोराला अफूची गोळी चाटवणारी. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगार बायकांबद्दल हीच बाळगोळीची गोष्ट पुन्हा नोंदवली गेली. देणारा हात दिसला. तो हात स्वतःच्या तोंडाकडेही जात असेल, आणि गेला तर तिच्या पाळीचं, तिच्या इच्छेचं काय होत असेल, हा प्रश्नच कुणाला पडला नाही.

भाषेतही तेच. ‘दारुडा’ म्हणताना जीभ अडखळत नाही. बाईबद्दल मात्र ‘ती घेते’ एवढंच, कर्म गाळून. इंदूरच्या रामबागेतल्या मराठी घरांत काय किंवा जुन्या शहरात काय, आजीची मिश्रीची डबी आणि तपकिरीची चिमूट ही व्यसनं मानलीच जात नसत. ‘दात घासते’ म्हटलं की विषय संपला. तव्यावर भाजून कुटलेली असली तरी मिश्री म्हणजे तंबाखूच. झोपेच्या गोळ्यांचं आजही तसंच आहे. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी दिलेली गोळी पंधरा वर्षं चालते.

तिकडे बाईच्या लैंगिकतेचं मोजमापही उशिराच सुरू झालं. अमेरिकी संशोधक किन्सी यांचं स्त्रियांवरचं पुस्तक 1953 चं. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी 1966 मध्ये शरीराच्या प्रतिसादाचे टप्पे मांडले. इच्छेचा टप्पा वेगळा धरायला हवा, हे हेलन कॅप्लान यांनी सत्तरच्या दशकात सांगितलं. 2000 साली रोझमेरी बॅसन म्हणाल्या की बाईची इच्छा दर वेळी आधीच येते असं नाही, जवळिकीतूनही ती जागी होते. त्याच वर्षी दोन प्रश्नावल्या आल्या. एक ‘फीमेल सेक्शुअल फंक्शन इंडेक्स’: 19 प्रश्न आणि सहा भाग, म्हणजे इच्छा, उत्तेजना, ओलावा, परमोच्च क्षण, समाधान, वेदना. एकूण गुण 36. 2005 मध्ये 26.55 ही रेघ ठरली, तिच्याखाली अडचण असण्याची शक्यता. दुसरी ॲरिझोनाची, फक्त पाच प्रश्नांची, मनोविकारांवरची औषधं घेणाऱ्यांसाठी केलेली.

आता 19 प्रश्नांची ती फूटपट्टी घेऊन व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन पाहा. प्रश्न गेल्या चार आठवड्यांबद्दल आहेत. बाई तीन आठवडे केंद्रातच असेल तर? या फूटपट्टीच्या 15 प्रश्नांना ‘संबंध आला नाही’ असा पर्याय आहे, आणि त्याला गुण शून्य. नवरा वर्षभर परगावी आहे, किंवा बाईनेच त्याला दूर ठेवलंय, तरी कागदावर ती ‘बिघडलेली’ ठरते. या स्थितीचा तिला त्रास होतो का, हे तर ही पट्टी विचारतच नाही. त्यासाठी वेगळी प्रश्नावली काढावी लागली. पट्टी वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती बेतली वेगळ्या बाईच्या अंगाने, एवढंच.

भारतात आधी पुरुषांचीच विचारपूस झाली. धातू जाण्याच्या भीतीला ‘धात सिंड्रोम’ हे नाव नरेंद्रनाथ विग यांनी 1960 मध्ये दिलं. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत दारूच्या आहारी गेलेल्या 100 पुरुषांना तपासून 72 जणांत काही ना काही लैंगिक अडचण आढळली, हा अभ्यास 2007 चा. वेल्लोरला बायकांना विचारलं गेलं, 2009 मध्ये प्रसिद्ध झालं, पण त्या साध्या बाह्यरुग्ण विभागात आलेल्या बायका होत्या. व्यसनी बाई पुन्हा दोन्ही रांगांच्या मध्येच उभी राहिली. तिची संख्या कमी, हे नेहमीचं उत्तर. 2019 मध्ये आलेल्या राष्ट्रीय पाहणीत दारू पिणारे पुरुष 27.3 टक्के, बायका 1.6 टक्के. आकडा खरा मानला तरी घरोघरी जाणाऱ्या माणसासमोर सासूच्या देखत ‘हो, घेते’ कोण म्हणणार?

बाईच्या शरीरात गोष्टी लवकर घडतात, हे मात्र आता पक्कं आहे. अंगात पाण्याचं प्रमाण कमी आणि जठरात दारू मोडणारं विकर कमी, म्हणून तेवढ्याच दारूचा अंमल जास्त चढतो. सुरुवातीपासून अवलंबित्वापर्यंतचं अंतर तिच्यात अनेकदा छोटं असतं. अफूच्या जातीची द्रव्यं, मग ती डोड्यातली, म्हणजे अफूच्या बोंडातली असोत, खोकल्याच्या औषधातलं कोडीन असो की ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी, मेंदूतून बीजांडकोशाला जाणारा निरोपच दाबतात. पाळी लांबते किंवा थांबते, इच्छा मावळते, कोरडेपणाने दुखतं. तंबाखूने रजोनिवृत्ती वर्ष-दोन वर्षं आधी येते. आणि उपचाराच्या गोळ्यांचंही काही देणं असतं: नैराश्यावरच्या कित्येक गोळ्या परमोच्च क्षण लांबवतात, रिस्पेरिडोनसारखं मनोविकारावरचं औषध प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक वाढवतं.

म्हणून तपासणीत पहिला प्रश्न गुणांचा नसतो, क्रमाचा असतो. तक्रार आधी की व्यसन आधी? कित्येक बायका दुखतं म्हणून किंवा नको असलेलं सोसवावं म्हणूनच घ्यायला लागतात. तिथे ‘दारूमुळे इच्छा गेली’ असं लिहिणं म्हणजे गोष्ट उलटी सांगणं. नवऱ्याचं व्यसन, मारहाण, जबरदस्ती, संसर्ग, थायरॉइड, रक्त कमी असणं, हे सगळं बाजूला बसवून पाहावं लागतं. व्यसन सोडून साधारण महिना झाल्यावरही तक्रार टिकली तर दुसरं कारण शोधायचं, असा संकेत डीएसएम या अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात आहे.

आणि विचारायचं कोणत्या शब्दांत? इंदूरची मराठी बाई डॉक्टरशी हिंदीत बोलते, घरी मराठीत, आणि या विषयावर दोन्हींत गप्प. ‘कामेच्छा’ म्हटलं तर तिला परीक्षेला बसल्यासारखं वाटेल. ‘अंगावरून पांढरं जातं का’ इथून सुरू केलं तर ती बोलते, तिथून पाळीवर येते, मग ‘ते जवळ आले की नको वाटतं’ इथपर्यंत. सोबत जाऊबाई बसलेली असेल तर पांढऱ्याच्या पुढे जात नाही. इंदुरात बाणगंगेला मानसिक रुग्णालय आहे, पण तिथल्या रांगेत ओळखीच्या काकू दिसतील ही धास्ती कुठल्याही आजारापेक्षा मोठी. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही आपल्या कक्षेत घेतल्या आणि गुप्ततेचा हक्क लिहून दिला. जाऊबाईला बाहेर बसायला सांगायचं काम अर्थातच नर्सबाईंनाच करावं लागतं.

महिनाभर थांबू नये अशी एक गोष्ट मात्र आहे. वर्षभर पाळी न आलेली बाई ‘आता मला मूल होत नाही’ असं धरून चालते. अफू सुटली, तिच्याऐवजी देतात त्या ब्युप्रेनॉर्फिन या औषधावर बाई स्थिर झाली की बीजांडकोश पुन्हा काम करायला लागतात, आणि बीज पाळीच्या आधी सुटतं. म्हणजे पहिली पाळी दिसायच्या आतच दिवस जाऊ शकतात. हे तिला पहिल्याच भेटीत सांगायचं, प्रश्नावली काढण्याच्या आधी.