ड्रेनेज म्हणजे नेमकं कोणतं? मलवाहिनी आणि पावसाळी गटार

आमच्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं तेव्हा पावसाच्या पाण्याचे सडलेले पाइपही बदलायचे ठरलं. प्लंबरने नवाकोरा पाइप गच्चीवरून खाली आणला आणि मागच्या बाजूच्या चेंबरचं झाकण उचलून त्याचं तोंड आत सोडलं. मी म्हटलं, "अहो, हे तर संडासाचं चेंबर." तो शांतपणे म्हणाला, "साहेब, ड्रेनेजच ना? पाणी जायचं तिथंच जाणार."

त्याला काय बोल लावणार? आपल्या भाषेनेच ही गल्लत करून ठेवली आहे. रस्त्याकडेला पावसात वाहतं ते गटार, संडास-मोरीचं पाणी नेतं तेही गटार, आणि इंग्रजीचा आधार घेतला तर दोन्ही 'ड्रेनेज'. महापालिकेच्या कागदांवर मात्र दोन वेगळी नावं असतात: मलनिस्सारण वाहिनी आणि पर्जन्यजल वाहिनी. मुंबईत तर दोघींसाठी वेगळी खाती आहेत. पण 'पर्जन्यजल वाहिनी तुंबली' असं तक्रार करताना कोण म्हणतं? गटार तुंबलं म्हणतात, आणि फोन बहुतेक वेळा चुकीच्या टेबलावर जातो.

दोन नळ्या आहेत, एकीतून मैला जातो, दुसरीतून पाऊस, एवढाच फरक असता तर लेख लिहायचं कारण नव्हतं. खरा फरक आकड्यांत आहे, आणि तो एकदा मांडून बघितला की प्लंबरच्या त्या एका पाइपाचं वजन कळतं.

एक हेक्टरची वस्ती घ्या, म्हणजे अडीच एकर. त्यात 500 माणसं राहतात. शहरी पाणीपुरवठ्याचं आपल्याकडचं प्रमाण माणशी दिवसाला 135 लिटर. त्यातलं सुमारे 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन परत येतं. म्हणजे दिवसाला 54 हजार लिटर. सकाळच्या घाईत सरासरीच्या तिप्पट प्रवाह धरला, तरी सेकंदाला जेमतेम दोन लिटर. आता त्याच हेक्टरवर तासाला 50 मिलिमीटरच्या वेगाने पाऊस कोसळतोय आणि सगळीकडे काँक्रीट असल्यामुळे थेंबही मुरत नाही असं धरा. तासाला पाच लाख लिटर, म्हणजे सेकंदाला जवळपास 139 लिटर. जमीन तीच, माणसं तीच, आणि पाणी सत्तरपट.

हेच गणित एका गच्चीपुरतं करू. 100 चौरस मीटरची गच्ची त्याच पावसात सेकंदाला 1.4 लिटर पाणी खाली सोडते. साडेतीनशेहून जास्त माणसांच्या सकाळच्या गर्दीतल्या सांडपाण्याइतकं! मलवाहिनीत अशा चार-पाच गच्च्या जोडल्या की ती भरते आणि सगळ्यात खालच्या चेंबरमधून, नाहीतर तळमजल्यावरच्या कुणाच्या तरी न्हाणीघरातून, उलटी येते. पावसाळ्यात रस्त्यावर चेंबरची झाकणं उडून काळं पाणी उसळताना दिसतं, त्यामागे अनेकदा हेच असतं.

यावर नेहमी येणारा प्रश्न असा: मग मोठाच पाइप टाका ना, दोन्ही पाणी एकातच जाऊ दे. इथं मलवाहिनीचा स्वभाव आडवा येतो. तिच्यात घट्ट पदार्थ असतात आणि ते पाण्याच्या ओढीनेच पुढं सरकायला हवेत. त्यासाठी किमान सेकंदाला 0.6 मीटर वेग लागतो. त्याला स्वच्छक वेग म्हणतात, म्हणजे नळी स्वतःच स्वतःला धुऊन काढते तो वेग. पाइप गरजेपेक्षा फार मोठा केला तर आठ महिने त्याच्या तळाशी पाण्याची बारीक धार रेंगाळते, मैला बसतो, सडतो आणि हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. हा वायू काँक्रीट खातो आणि आत उतरलेल्या माणसाचा जीव घेतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला 2013च्या कायद्याने मनाई आहे, तरी मरणाच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. पावसाळी गटाराचं याच्या उलट. ते आठ महिने कोरडं राहणार हे गृहीतच असतं. त्याला वेगापेक्षा पोटाची रुंदी हवी, आणि वरून सहज गाळ काढता यायला हवा. एकीला बारा महिने थोडंथोडं खायचंय, दुसरीला चार महिने बकाबका.

अर्थात, दोन्ही एकाच नळीत घालणारी शहरं जगात आहेत. लंडन हे सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. 1858च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने संसदेचं कामकाज चालणं अवघड झालं, आणि मग जोसेफ बाझलजेटच्या देखरेखीखाली जी भुयारं बांधली गेली, ती मैला आणि पाऊस दोघांनाही घेणारी होती. आपल्याकडे कोलकात्याच्या जुन्या भागातही विटांची अशी एकत्र गटारं आहेत. पण पाऊस जास्त झाला की एकत्र गटारातलं जादा पाणी मैल्यासकट नदीत सोडावं लागतं. लंडनला त्यावर उतारा म्हणून थेम्सच्या पात्राखाली 25 किलोमीटरचं नवं भुयार खणावं लागलं, ते पूर्ण व्हायला 2025 उजाडलं. तिथला पाऊस वर्षभर रिमझिम असतो, आपला चार महिन्यांत धो-धो. महाराष्ट्रातल्या शहरांनी दोन वेगळ्या नळ्यांचा मार्ग घेतला तो योग्यच होता. निदान कागदावर तरी.

मुंबईत हा वेगळेपणा डोळ्यांनी बघता येतो. वरळीला लव्हग्रोव्ह नावाची दोन उदंचन केंद्रं आहेत, म्हणजे आपल्या बोलीत पंपिंग स्टेशनं. एक मैलापाण्याचं, ते समुद्रात काही किलोमीटर आत नेलेल्या भुयारातून पाणी सोडतं. दुसरं फक्त पावसाच्या पाण्याचं. नाव एक, वस्ती एक, काम मात्र पूर्ण वेगळं. दुसऱ्याची गरज का पडली? मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, तीही समुद्राला ओहोटी असेल आणि निम्मं पाणी जमिनीत मुरेल हे धरून. 1985च्या पुरानंतर ब्रिमस्टोवॅड नावाचा आराखडा तयार झाला. त्यात हिशेब तासाला 50 मिलिमीटरवर नेला आणि 'काहीही मुरणार नाही' असं धरलं. आराखडा 1993 सालचा, पण त्याला खरी जाग आली 26 जुलै 2005ला, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा. हाजी अली, इर्ला, क्लीव्हलंड बंदर, लव्हग्रोव्ह, ब्रिटानिया, गझदरबंध ही पावसाळी उदंचन केंद्रं त्यानंतरच्या काळातली. मोठ्या भरतीला गटारांची तोंडं समुद्राच्या पातळीखाली जातात, तेव्हा पाणी पंपानेच बाहेर फेकावं लागतं.

पाणी उतरावं म्हणून रस्त्यावर दिसेल ते झाकण उघडायची सवय मात्र अजून गेलेली नाही. 29 ऑगस्ट 2017च्या पावसात मुंबईत उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा मृत्यू झाला.

पुण्यात समुद्र नाही, ओढे आहेत. आंबिल ओढा, नागझरी, भैरोबा नाला, रामनदी. शहराची पावसाळी गटारं शेवटी यांच्यातच उतरतात आणि हे जाऊन मुळा-मुठेला मिळतात. गोम अशी की मुख्य मलवाहिन्याही याच ओढ्यांच्या काठाने किंवा पात्रातून टाकलेल्या आहेत. त्यात चूक काही नाही. मैलापाणी उतारानेच न्यायचं तर सगळ्यात सोपा उतार ओढ्याचाच. पण त्यामुळे दोन्ही नळ्यांची शेजारीण-शेजारीण अशी गाठ पडते. मलवाहिनी फुटली किंवा तिचं चेंबर राडारोड्याखाली गाडलं गेलं की मैला ओढ्यात येतो. ओढ्याला पूर आला की पाणी चेंबरमधून मलवाहिनीत शिरतं. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते सहकारनगर, अरण्येश्वरच्या लोकांना विचारा.

कोणती नळी कोणाच्या पोटात गेली आहे हे ओळखायची एक युक्ती आहे, आणि तिला एक पैसा लागत नाही. मे महिन्यात ओढ्याजवळ जाऊन उभं राहायचं. सहा-सात महिने पाऊस नाही आणि तरी पावसाळी गटाराच्या तोंडातून पाणी वाहतंय? मग ते पाऊस नव्हे. त्याच्या उलट, जुलैत मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात अचानक पातळ आणि भरपूर पाणी येऊ लागलं तर बहुधा कुठंतरी गच्च्या मलवाहिनीत उतरलेल्या आहेत. असल्या पाण्यात जिवाणूंना खायला पुरेसं नसतं आणि टाकीत पाणी थांबतही कमी, त्यामुळे केंद्राचं काम बिघडतं. रस्त्यावर झाकणांवरूनही अंदाज येतो. फुटपाथच्या कडेला जाळी असेल तर बहुधा पावसाळी, रस्त्याच्या मध्ये बंद गोल झाकण असेल तर बहुधा मलवाहिनी. बहुधा म्हणतोय, कारण चौकोनी झाकणांनी मलाही फसवलं आहे.

आता भूजलाकडे येऊ. माझ्या मते फरकाचं सगळ्यात महत्त्वाचं टोक इथं आहे आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. मलवाहिनी अजिबात गळता कामा नये. पावसाळी व्यवस्था मात्र थोडी गळली पाहिजे, योग्य जागी आणि गाळून. आपण बरोबर उलटं करून ठेवलं आहे. जुन्या, तडकलेल्या मलवाहिन्या जमिनीत झिरपतात, आणि पावसाळी गटारं मात्र तळासकट काँक्रीटची केलेली, एक थेंब मुरू न देणारी.

दख्खनचा काळा पाषाण मूळचा पाणी धरणारा नव्हे. पाणी राहतं ते त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात, भेगांत आणि थरांमधल्या सांध्यांत. विहिरीचं पाणी याच उथळ थरातलं. मलवाहिनीही दोन-चार मीटरवर याच थरातून जाते. भेगेतून गेलेलं पाणी वाळूतल्यासारखं गाळून निघत नाही, सरळ पुढं जातं. म्हणून विहिरीत नायट्रेट वाढलं (पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे) आणि आसपास शेती नसली, तर आधी शंका मैल्याची घ्यावी. पावसाळ्यात भूजल वर आलं की हीच तड उलटी चालते: जमिनीतलं पाणी मलवाहिनीत शिरतं आणि आपण चांगलं भूजल पैसे खर्चून शुद्धीकरण केंद्रात धूत बसतो.

2025च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गिलन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा संशय पिण्याच्या पाण्यावर गेला आणि नांदेडची विहीर चर्चेत आली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. हे भाग महापालिकेत आले ते 2017 (11 गावं) आणि 2021 (23 गावं) या दोन टप्प्यांत. गावाचं शहर होताना इमारती आधी येतात, मग टँकर, मग मलवाहिनी, आणि सगळ्यात शेवटी पावसाळी गटार, तेही रस्ता काँक्रीटचा झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं तर. मधल्या काळात सेप्टिक टँकचं पाणी जमिनीत, आणि पिण्याचं पाणी त्याच जमिनीतून.

पुनर्भरणाच्या, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याच्या बाबतीत उत्साहाचाही एक धोका आहे. भर चौकातल्या गटाराचं पाणी थेट बोअरमध्ये सोडणारे हौशी प्रयोग मी पाहिले आहेत. त्या पाण्यात गाड्यांचं तेल, टायरचा चुरा, कुत्र्यांची घाण आणि पहिल्या पावसाचा सगळा कचरा असतो. गच्चीचं पाणी गाळून बोअरला द्यावं. रस्त्याचं पाणी मातीतून, शोषखड्ड्यातून किंवा ओढ्याच्या मोकळ्या पात्रातून हळूहळू मुरू द्यावं. ओढ्याला दोन्ही बाजूंनी भिंती आणि तळाला फरशी घालून 'सुशोभीकरण' करायची जी लाट आली आहे, तिने हे मुरणंच बंद केलं.

म्हणून आपल्या प्रभागात 'ड्रेनेजची कामं' अशा नावाखाली निधी आला की मी पहिल्यांदा विचारतो, कोणतं ड्रेनेज? मलवाहिनीचं असेल तर आणखी तीस वर्षांनी इथं किती माणसं असतील असं धरलंय, आणि तिचं दुसरं टोक कोणत्या केंद्राला मिळतं? टोक ओढ्यात असेल तर ती मलवाहिनी नव्हेच, नदीकडे जाणारा जवळचा रस्ता आहे. पावसाळी असेल तर प्रश्न वेगळे: तासाला किती पावसाचा हिशेब, शेवट कुठं, आणि वाटेत किती पाणी मुरणार. पाण्याची लाइन दोन्हींपासून किती लांब आहे हेही विचारावं. दिवसाआड पाणी येतं तिथं नळ बंद असताना पाइपातला दाब जातो आणि शेजारचं घाण पाणी भेगेतून आत ओढलं जातं.

आमच्या गच्चीचा पाइप शेवटी चेंबरमधून काढला. बागेच्या कोपऱ्यात वाळू, खडी आणि कोळशाची गाळणी बसवून त्याचं पाणी जुन्या बंद बोअरला दिलं, आणि जादा झालेलं रस्त्याच्या जाळीकडे. प्लंबरने ते सगळं नीट करून दिलं. निघताना त्याने शेजारच्या इमारतीकडे बोट दाखवलं. "साहेब, त्यांचेही तीन पाइप मीच मागच्या चेंबरमध्ये सोडलेत. त्यांना सांगू का आता?"